देवदूतांना केस असतात का?

गेल्या पावसाळ्यात वसईतल्या आमच्या गावात आठ वर्षांची एक मुलगी तीन दिवसांच्या तापाने गेली. त्यानंतर तिच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होत असे. बाहेर पागोळ्या गळत असत, ओटीवर ओल्या छत्र्यांची रांग लागलेली असे, आणि आत भिंतीजवळच्या टेबलावर दोन मेणबत्त्या, पेल्यात ठेवलेला सोनटक्का आणि तिचा फोटो. फोटो मागच्या नाताळच्या नाटुकल्यातला होता. पांढरा झगा, कपाळाभोवती जरीच्या फितीचे कडे आणि पाठीला थर्माकोलचे पंख. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर, चहाचे कप फिरत असताना, गावातल्या एका वयस्क बाईंनी त्या मुलीच्या आईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “रडू नकोस बाय, तुझी पोर आता देवदूत झाली.” बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आई काहीच बोलली नाही. मी निघाले तेव्हा मात्र ती छत्री न घेता माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारले, “टीचर, देवदूतांना केस असतात का?”

मी म्हणाले, “असतील गं.” आणि घरी आले.

ती मुलगी माझ्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होती आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करत होती. तिच्या डोक्यावर दाट, कुरळे, कुणालाही न जुमानणारे केस होते. रोज सकाळी तेल लावून घट्ट दोन वेण्या घातल्या तरी दहा वाजेपर्यंत कानांजवळ त्यांचे झुपके सुटलेले असत. आईचा प्रश्न त्या झुपक्यांविषयी होता, हे मला तिथे उभी असतानाच कळले होते. तरीही मी ‘असतील’ म्हणाले, कारण खरे उत्तर मला ठाऊक होते आणि ते त्या फाटकात उच्चारण्याची माझी हिंमत नव्हती. तरुणपणी मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी होते. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतांनी देवदूतांविषयी जे लिहिले, ते मी एके काळी वहीत रकाने आखून पाठ केले होते. त्या वहीत केसांचे उत्तर स्पष्ट होते. शिवाय दुसरी एक गोष्ट मला टोचत होती. ते पंख मी कापले होते. थर्माकोलची कड मला नीट घासता आली नव्हती आणि तालमीच्या दिवशी तिने तीनदा मला सांगितले होते, “टीचर, टोचतंय.” तिसऱ्यांदा मी तिला म्हणाले होते की देवदूत कुरकुर करत नाहीत. नाटुकले संपल्यावर पंख सोडवले, तेव्हा तिच्या पाठीवर दोन लाल ओरखडे उठले होते.

देवदूत हा माझ्या लहानपणी घरातलाच कुणीतरी होता. शाळेतल्या सिस्टर आम्हांला बाकावर थोडे सरकून बसायला सांगत, कारण उजव्या बाजूला राखणदार देवदूताला जागा ठेवायची असे. मी हे इतके मनावर घेतले होते की रात्री खाटेच्या एका कडेला अंग चोरून झोपत असे आणि एकदा खाली पडून कोपर फोडून घेतले. दोन ऑक्टोबरला देशभर गांधी जयंतीची सुट्टी असते आणि चर्चमध्ये त्याच दिवशी राखणदार देवदूतांचा सण. त्यामुळे त्या दिवशीच्या सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, सुट्टीचा एक मोकळा उजेड असे. तिसरीत असताना मी सिस्टरना विचारले होते की वर्गात आम्ही चाळीस मुली, म्हणजे चाळीस देवदूत, मग ते सगळे मावतात कुठे? सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, प्रार्थना कर, कळेल. पुढे अनेक वर्षांनी संत थॉमस अक्वायनस वाचताना मला हाच प्रश्न पूर्ण गांभीर्याने विचारलेला सापडला, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. तेराव्या शतकातला हा डोमिनिकन साधू ‘देवदूतसदृश आचार्य’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या ‘सुम्मा’ या महाग्रंथाच्या पहिल्या भागातली ५० ते ६४ ही १५ प्रकरणे देवदूतांच्या स्वरूपासाठीच आहेत. त्यांतल्या एका प्रकरणात तो विचारतो, देवदूत एखाद्या ठिकाणी असतो म्हणजे नेमके काय होते? अनेक देवदूत एकाच ठिकाणी असू शकतात का?

सुईच्या टोकावर किती देवदूत नाचतील याचा म्हणे ते लोक काथ्याकूट करत, ही थट्टा सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट लेखनात आढळते. मध्ययुगीन पंडितांनी तो प्रश्न त्या शब्दांत विचारल्याचे सापडत नाही. अक्वायनसने जे विचारले ते कितीतरी खोल आहे. पाणी घागरीत असते तसा देवदूत जागेत नसतो, असे तो म्हणतो. घागर पाण्याला सामावून घेते. देवदूताला मात्र कोणतीही जागा सामावून घेत नाही. उलट तो जिथे आपली शक्ती लावतो ती जागाच त्याच्या कवेत येते, जसा आत्मा शरीरात असतो म्हणजे शरीराच्या कोंदणात बसवलेला नसतो, तर त्यानेच शरीर एकत्र धरलेले असते. एका ठिकाणी एका वेळी एकच देवदूत असतो, तोसुद्धा गर्दी होते म्हणून नव्हे. एका कार्याचे संपूर्ण आणि जवळचे कारण दोघे असू शकत नाहीत, म्हणून. हे वाचल्यावर बाकावर सरकून बसण्याची गरज खरे तर उरली नाही. पण दुसराही विचार मनात आला: तो जिथे काम करतो तिथे तो असतो, म्हणजे खाटेवरून पडलेल्या मुलीचे फक्त कोपर फुटले, तेव्हा तो तिथेच असणार.

‘देवदूत’ हे नाव कामाचे आहे, जातीचे नाही, असे संत ऑगस्टीनने सांगून ठेवले आहे. तो काय आहे असे विचाराल तर आत्मरूप आहे, काय करतो असे विचाराल तर दूत आहे. ग्रीक आणि हिब्रू शब्दांचाही अर्थ निरोप्या असाच आहे आणि आपल्या मराठी शब्दात तर ‘दूत’ उघडच बसलेला आहे. इंग्रज धर्मप्रसारक फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणात गाब्रिएल हा देवदूत मरियेला येशूच्या जन्माचा निरोप सांगतो तो मराठी ओवीत, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच या निरोप्याने आपली भाषा उचलली होती. पण निरोप सांगून झाल्यावर जे उरते त्याचे स्वरूप काय? अक्वायनसचे उत्तर असे की देवदूत म्हणजे जडद्रव्याचा लवलेश नसलेले शुद्ध रूप. रूप म्हणजे दिसणे नव्हे, वस्तू जी आहे ती तिला बनवणारे तत्त्व. जगातल्या प्रत्येक वस्तूत द्रव्य आणि रूप एकत्र आलेले असतात, देवदूतात केवळ रूप असते. तरीही तो देव नाही, कारण त्याचे असणे त्याचे स्वतःचे नाही, ते त्याला मिळालेले आहे. तो काय आहे आणि तो आहे, या दोन गोष्टी त्याच्यातही वेगळ्याच राहतात. देवात मात्र त्या एक असतात.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि विद्यार्थिदशेत तो मला केवळ चमत्कारिक वाटला होता. एकाच झाडाचे दोन आंबे दोन का असतात? आंबेपण तर एकच आहे. ते दोन होतात, कारण आंबेपण द्रव्याच्या दोन वेगळ्या तुकड्यांत उतरलेले असते. जिथे द्रव्यच नाही तिथे एका जातीचे दोन नमुने संभवत नाहीत. म्हणून प्रत्येक देवदूत ही एक स्वतंत्र जात आहे. मिखाएल आणि गाब्रिएल यांच्यातला फरक दोन माणसांमधल्या फरकासारखा नाही, तो माणूस आणि घोडा यांच्यातल्या फरकासारखा आहे. हे सगळ्यांना पटले नाही. मध्ययुगातल्याच दुसऱ्या दोन विचारवंतांपैकी बोनाव्हेंचरच्या मते देवदूतांतही एक प्रकारचे आत्मिक द्रव्य होते, डन्स स्कोटसच्या मते एका जातीचे अनेक देवदूत असायला काहीच हरकत नव्हती. पॅरिसच्या बिशपने ७ मार्च १२७७ रोजी, म्हणजे अक्वायनसच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, २१९ विधाने निषिद्ध ठरवली. द्रव्यावाचून एका जातीचे अनेक जण देवालाही निर्माण करता येणार नाहीत, हे मत त्यांत होते. हा वाद वर्गात मी नावे आणि सनावळ्या यांच्यासाठी शिकले. त्या पावसाळ्यात, ‘असतील गं’ म्हणून आल्यावर, जुनी वही काढून वाचताना मला त्यात पहिल्यांदा एक नाते नसलेले जग दिसले. तिथे कुणी कुणाचा भाऊ नाही, कुणी कुणाच्या वळणावर गेलेला नाही, कुणाचे कुरळे केस आजीवरून आलेले नाहीत.

देवदूताला आई नसते.

त्याला शिकावेही लागत नाही. आपण डोळ्यांनी बघतो, बोटांनी चाचपतो, एका गोष्टीवरून दुसरीकडे जातो आणि अशा रीतीने, अडखळत, काहीतरी जाणतो. देवदूताच्या बुद्धीत वस्तूंचे ज्ञान निर्मितीच्या वेळीच देवाने घातलेले असते, आणि तो तर्काच्या पायऱ्या न चढता एका नजरेत सगळा अर्थ पाहतो. म्हणूनच त्याचा निर्णय एकदाच होतो आणि तो फिरत नाही. जे देवदूत देवाकडे वळले ते कायमचे वळले आणि जे पडले ते कायमचे पडले. माणसाला जसा मृत्यू तशी देवदूतांना ती निवड, असे दमास्कसच्या संत जॉनचे म्हणणे अक्वायनस उद्धृत करतो. पश्चात्तापासाठी आधी बरोबर वाटलेले नंतर चूक दिसावे लागते आणि देवदूताच्या पाहण्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी फट नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलीची वही अजून माझ्याकडे आहे. दहा आज्ञांच्या पानावर तिने पाचवी आज्ञा चौथ्या जागी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली, आणि शेवटी खोडरबराने कागदाला भोक पडले. त्या भोकाच्या खाली तिने बरोबर आज्ञा लिहिली आहे. हे पान कोणत्याही देवदूताला लिहिता आले नसते, आणि हे म्हणताना देवदूतांचा मोठेपणा मला किंचितही कमी करायचा नाही.

आता केसांचे. देवदूताला शरीर नसते, त्यामुळे केसही नसतात. मग बायबलमध्ये मम्रेच्या वृक्षांखाली अब्राहामाने माणसांच्या रूपात आलेल्या तिघा पाहुण्यांपुढे दही, दूध आणि वासराचे मांस ठेवले, तरुण तोबियासबरोबर राफाएल हा देवदूत एवढा लांबचा प्रवास करून आला, तेव्हा दिसणारे शरीर कुठले? अक्वायनस म्हणतो, देवाच्या सामर्थ्याने घट्ट केलेल्या हवेचे. ते शरीर बोलल्यासारखे करते, पण जिवंत शरीर बोलते तसे बोलत नाही. जेवल्यासारखे दिसते, पण जेवत नाही. राफाएल स्वतःच शेवटी सांगतो की मी खाताना तुम्हांला केवळ दिसत होतो. पंख तर फार नंतरचे. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत मरियेला निरोप देणारा जो देवदूत रंगवलेला आहे, तो साध्या माणसासारखा, बिनपंखांचा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती चित्रांत देवदूतांना पंख फुटू लागले, त्यामागे रोमन विजयदेवतेची पंख असलेली मूर्ती होती. यशया या संदेष्ट्याला दर्शनात दिसलेल्या सेराफिम नावाच्या स्वर्गीय जीवांना सहा पंख होते खरे, पण त्यांतल्या दोहोंनी ते तोंड झाकत, दोहोंनी पाय झाकत आणि फक्त दोहोंनी उडत. थर्माकोल, जर आणि इलॅस्टिक यांनी मी जे केले होते ते त्या भयचकित करणाऱ्या दर्शनापासून किती दूर होते, हे मला आता जाणवते.

मग त्या वयस्क बाई चुकल्या का? धर्मशास्त्राच्या दृष्टीने हो, माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. पुनरुत्थित झालेले लोक स्वर्गातल्या देवदूतांसारखे असतील, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, पण तिथे ‘सारखे’ हा शब्द आहे. माणसांना देवदूतांच्या श्रेणींत स्थान मिळते का, हा प्रश्नही अक्वायनस घेतो आणि म्हणतो, कृपेने मिळते, वैभवात माणूस त्यांच्या बरोबरीला पोचू शकतो, पण स्वभाव बदलत नाही. माणूस तिथेही माणूसच राहतो. लहान बाप्तिस्मा झालेल्या मुलाच्या अंत्यविधीला फादर पांढरी वस्त्रे घालतात, त्यामागे हाच विश्वास आहे आणि त्या बाईंच्या मनात तोच असणार. त्यांनी स्वतः एक मूल पुरलेले आहे, हे मला नंतर समजले. तेव्हापासून त्यांचे वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करतानाही मला संकोच वाटतो. पण दुरुस्त करावेसे वाटते, कारण सांत्वन म्हणून उच्चारलेल्या त्या वाक्याने आईकडून आणखी एक गोष्ट काढून घेतली. मुलगी गेली होतीच, आता ती मुलगीही राहिली नव्हती.

बायबलमधल्या, संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर भाष्य करताना अक्वायनसने एक वाक्य लिहिले आहे: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. केवळ आत्मा तरला तर मी तरलो असे होत नाही, कोणताच माणूस तरला असे होत नाही. ज्या माणसाने देवदूतांच्या अशरीरी स्वरूपावर इतके लिहिले, त्याने हे लिहावे याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटते, त्या अभ्यासामुळेच हे त्याला इतके स्वच्छ दिसले असावे. शरीराशिवाय पूर्ण असणारे जीव कसे असतात ते त्याने पाहिले होते, आणि आपण तसे नाही हेही. आपला आत्मा शरीराविना टिकतो, पण अर्धवट टिकतो, वाट पाहत टिकतो. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेत शेवटचा शब्द शरीराच्या पुनरुत्थानाचा आहे. फाटकात उभ्या राहिलेल्या आईने नेमके तेच विचारले होते, आणि तो प्रश्न भाबडा आहे असे समजून मी त्याला भाबडे उत्तर दिले होते.

वहीत पुढे राखणदार देवदूतांचे पान निघाले. प्रत्येकाला जन्मापासून एक देवदूत मिळतो. पण जन्माच्या आधी? गर्भातले मूल आईपासून पूर्ण वेगळे नसते, झाडाला लागलेले फळ झाडाचेच असते, म्हणून आईचा देवदूतच त्या मुलाचेही रक्षण करत असावा, असे अक्वायनस म्हणतो, आणि ‘असावा’ इतक्याच जोराने म्हणतो. नाळ तुटली की दुसरा देवदूत येतो. आणि माणूस वाट संपवून पोचला की तो देवदूत राखणदार उरत नाही, त्या राज्यात तो सोबती होतो. या ओळीवर मी बराच वेळ थांबले. म्हणजे तिचा देवदूत तिच्याबरोबर आहे आणि ती त्याच्याहून वेगळी आहे. ते दोघे आहेत. पण त्याच पानावर एक कठीण गोष्टही आहे. आपण ज्यांना सांभाळतो त्यांच्यावर संकट आले तर देवदूतांना दुःख होते का? अक्वायनस म्हणतो, नाही, कारण त्यांची इच्छा देवाच्या न्यायाशी पूर्ण जुळलेली असते आणि त्यांच्या आनंदाला तडा जात नाही. त्याचा युक्तिवाद मला समजतो, त्यात मला चूक सापडत नाही, आणि तरीही तापाच्या त्या तिसऱ्या रात्रीचा विचार केला की मी तो स्वीकारू शकत नाही.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्त्यांचा उजेड आणि झेंडूचा उग्र वास पसरला होता. तिथे बोलणे शक्य नव्हते. चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले. टेबलावरचा फोटो बदललेला होता. नाटुकल्यातला नव्हता, शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला होता, आणि त्यात डाव्या कानाजवळ केसांचा झुपका सुटलेला होता. मी काही सांगण्याआधीच आईने तो बदलला होता. तरीही मी सांगितले. त्या दिवशी मी खोटे बोलले, देवदूतांना केस नसतात, आणि तुझी मुलगी देवदूत झालेली नाही. नऊ महिने तुम्हां दोघींना मिळून एकच देवदूत होता, मग तिला तिचा मिळाला, आणि तो अजून तिच्यापाशी आहे, असे आपल्या धर्मातल्या एका फार मोठ्या माणसाने लिहिले आहे, हेही सांगितले. ती ऐकत होती. हातांनी वालाच्या शेंगा सोलणे चालूच होते.

“त्याला कळलं असेल का, तिचं अंग दुखत होतं ते?” तिने विचारले.

“कळलं असेल,” मी म्हणाले. “दुखलं नसेल. त्याला अंग नाही.”

ती काही वेळ गप्प बसली. मग उठली, पोटमाळ्याच्या शिडीवर चढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पंख खाली घेऊन आली. एका कडेची जर सुटली होती. नाताळच्या तालमी सुरू होणार होत्या हे तिला ठाऊक होते. तिने ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “यंदा ज्या पोराला लावाल ना टीचर, आतून मऊ कापड शिवून घ्या. टोचतात.”